पत्रकातून पाण्याची टाकी गेली आणि ‘ते’ आले

शालिमार_डीटीपी | २ जानेवारी २०२६, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी,

नाशिकमध्ये शालिमारच्या एका गल्लीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, दशक्रियेची कार्डं आणि निवडणूक आली की प्रचाराची पत्रकं. २००७ च्या महापालिकेपासून हे काम करतोय. जवळपास सगळ्या पक्षांचे उमेदवार माझ्या दुकानाची पायरी चढलेत, त्यामुळे पुढे जे लिहितोय ते कुणा एकाबद्दल नाही.

परवा एका उमेदवाराचा मुलगा मजकूर तपासायला आला. मी लिहिलं होतं की प्रभागातल्या तीन कॉलन्यांत पाणी कमी दाबाने येतं, जलकुंभाचं काम अर्धवट पडलंय, ते पहिल्या वर्षात पूर्ण करून घेऊ. त्याने वाचलं आणि म्हणाला, “काका, पाण्याची टाकी कोण फॉरवर्ड करणार? आपल्यावर कुणामुळे अन्याय झाला ते लिहा.” कुणामुळे झाला, असं मी विचारलं. “ते तुम्ही बसवा ना, तुम्हाला जमतं.”

मला जमतं हे खरंच आहे. म्हणूनच हा धागा काढतोय.

माझ्याकडे जुन्या पत्रकांचा गठ्ठा आहे. काल रात्री तो सोडून बसलो. २००७ ची पत्रकं आठ-आठ पानांची आहेत. ‘कार्य अहवाल’ असं वर छापलेलं आणि आत गटारी, पथदीप, समाजमंदिराचा हॉल, कुठल्या गल्लीत किती काँक्रिटीकरण. वाचायला कंटाळवाणी, पण पडताळता येण्यासारखी. गल्लीत जाऊन दिवे मोजता यायचे. २०१२ पासून पानं कमी व्हायला लागली. २०१७ मध्ये एकच पान राहिलं, त्यावर वरच्या नेत्यांचे मोठे चेहरे आणि खाली पॅनलमधले, म्हणजे एकाच प्रभागातले, चार उमेदवार. आता तर पत्रक हे नावालाच. खरं काम स्टेटसच्या चौकोनी चित्राचं आणि तीस सेकंदांच्या रीलचं आहे. त्यात मावतं काय? एक चेहरा, एक नातं आणि एक ‘ते’, म्हणजे ज्यांच्यावर राग काढायचा असे कुणीतरी.

नातं म्हणतो ते असं. पूर्वी ‘उमेदवार’ लिहायचो. मग ‘आपला माणूस’ आलं, मग ‘भूमिपुत्र’, मग ‘सर्वसामान्यांचा आवाज’. आता दादा, भाऊ, ताई, अक्का. पक्षांनी आपल्या वचनांना दिलेली नावंही बघा. आधी ‘जाहीरनामा’ होता, म्हणजे पक्ष चारचौघांत काहीतरी जाहीर करतोय. मग ‘वचननामा’, ‘संकल्पपत्र’. २०२४ च्या लोकसभेला ‘गॅरंटी’ आली, तीही पक्षाची नाही, एका माणसाच्या नावाची. जाहीर केलेल्या गोष्टीचा जाब विचारता येतो. घरच्या माणसाने दिलेल्या शब्दाचा जाब विचारायला जीभ रेटत नाही.

आपल्या नाशिकचंच उदाहरण देतो. २०१७ च्या महापालिका प्रचारात तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी नाशिक दत्तक घेत असल्याचं सभेत सांगितलं. भाजपला १२२ पैकी ६६ जागा मिळाल्या. त्या एका शब्दात किती भरलं होतं! शहर पोरकं आहे, आधीच्यांनी वाऱ्यावर सोडलं, आता मोठा माणूस हात धरतोय. विरोधकांनीही पुढची पाच वर्षं तोच शब्द उलटा फिरवला, “दत्तक पिता कुठे आहेत” म्हणून. दोन्हीकडून आपण नाशिककर मूलच राहिलो. करदाता, मतदार, मालक हे शब्द कुणाच्याच फ्लेक्सवर आले नाहीत. त्याच्या आधी २०१२ मध्ये मनसेला याच शहराने ४० जागा दिल्या होत्या आणि २०१७ मध्ये ५ वर आणलं. भावनेची भाषा किती वेगाने चढते आणि किती वेगाने उतरते, हे नाशिकइतकं थोड्या शहरांनी पाहिलं असेल.

मार्च २०२२ पासून महापालिकेवर प्रशासक आहे. जवळपास चार वर्षं नगरसेवक नाही. १५ तारखेला मतदान. आणि माझ्या टेबलावर आलेल्या मजकुरांत पाणी, घंटागाडी, खड्डे यांना मिळून दोन ओळी, बाकी सगळा ‘ते’.

तुमचं काय मत? ही भाषा पक्ष ठरवून वापरतात, की आपल्यालाच ती हवी असते?

---

निफाडचा_उन्हाळ | ३ जानेवारी, सकाळी ६:१५

काका, तुमचं पटलं, पण एक सांगतो. ‘ते’ प्रत्येक वेळी बनावट नसतात.

८ डिसेंबर २०२३. आमचा लाल कांदा निघायची वेळ. लाल कांदा टिकत नाही, चाळीत भरता येत नाही, काढला की विकायचाच. त्याच आठवड्यात केंद्राने निर्यातबंदी लावली. त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलेलंच होतं. लासलगाव, पिंपळगाव, चांदवड, सगळीकडे लिलाव बंद पडले, रस्त्यावर लोक उतरले. मे २०२४ मध्ये बंदी उठली ती शुल्क आणि किमान निर्यातमूल्य ठेवून, आणि तोपर्यंत आमचं मतदान तोंडावर आलं होतं. उरलेलं २० टक्के शुल्क १ एप्रिल २०२५ ला गेलं. आता सांगा, आमच्या सभेत कुणी उभं राहून “दिल्लीला तुमचा कांदा स्वस्त हवा आहे” म्हटलं, तर ते भडकवणं झालं का? ते खरंच होतं. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री पडल्या त्याच रागात.

पण दुसरी बाजूही मी पाहिली. त्या प्रचारात विरोधकांच्या गाडीवर रोज कांद्याची माळ. मी एका चौकसभेत विचारलं, “तुम्ही आल्यावर शहरात भाव चढला तर बंदी घालणार नाही, हे लिहून देता का?” वक्ते हसले, टाळ्या घेतल्या आणि पुढच्या मुद्द्यावर गेले. १९८० ची लोकसभा कांद्याच्या भाववाढीवर गाजली, १९९८ मध्ये दिल्ली आणि राजस्थानची सरकारं गेली त्यात कांदा होता. म्हणजे जो विरोधात असतो तो शहरात ग्राहकाच्या डोळ्यात पाणी आणतो आणि आमच्याकडं येऊन शेतकऱ्याच्या. एकाच तोंडाने दोन्हीकडं ‘जनता’. ती जनता एक नाही हो. ग्राहकाला पंधरा रुपयांत हवा असलेला कांदा मला पंधरात परवडत नाही. हे कोण बोलणार?

---

गंगापूर_रोड | ३ जानेवारी, सकाळी ८:०२

निफाडकर, शेवटच्या चार वाक्यांसाठी +१.

---

फळा_आणि_खडू | ३ जानेवारी, दुपारी १:३०

मी राज्यशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं लांबण लागेल.

मराठीत आपण ‘लोकानुनय’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा डोळ्यासमोर फुकट वाटप असतं. अभ्यासक ज्याला पॉप्युलिझम म्हणतात तो त्याहून वेगळा आहे. कास मुडे या डच अभ्यासकाने २००४ मध्ये मांडलेली व्याख्या आज सर्वाधिक वापरली जाते: समाज दोनच गटांत विभागलेला आहे, एकीकडे निर्मळ जनता, दुसरीकडे भ्रष्ट अभिजन, आणि राजकारण म्हणजे त्या जनतेच्या इच्छेचा आविष्कार. वाटपाचा त्यात उल्लेखच नाही.

बेल्जियमच्या यागर्स आणि वालग्राव या दोघांनी २००७ मध्ये पक्षांच्या दूरचित्रवाणीवरच्या प्रचारभाषणांचा अभ्यास मांडला. त्यांचं म्हणणं असं की ही आधी एक बोलण्याची पद्धत आहे. नुसतं ‘जनता, जनता’ करणं हा पातळ प्रकार, तो सगळेच पक्ष कमी-अधिक करतात. त्यात अभिजनांविरुद्धचा राग मिसळला आणि वर एखाद्या समूहाला ‘हे आपले नव्हेत’ म्हणून बाहेर काढलं की दाट प्रकार तयार होतो. शालिमारकाका, तुमच्याकडे आलेला मुलगा पातळातून दाटाकडे जायला सांगत होता. ‘आपला माणूस’ लिहून त्याचं भागलं नाही, त्याला ‘ते’ हवे होते.

आणि निफाडचे दादा, तुम्हाला आवडेल अशी गोष्ट. हा शब्दच मुळात शेतकऱ्यांमुळे रूढ झाला. १८९२ मध्ये अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात शेतकऱ्यांच्या पुढाकाराने पीपल्स पार्टीचं अधिवेशन भरलं. त्यांचा राग रेल्वे कंपन्यांच्या भाड्यावर आणि बँकांवर होता, कारण माल पिकवायचे ते आणि भाव ठरवायचे दुसरेच. त्यांना पॉप्युलिस्ट म्हणू लागले. म्हणजे लिलावाच्या ओट्यावरचा माणूस या शब्दाचा पहिला धनी आहे. त्यांच्या जाहीरनाम्यात ‘ते’ होतेच, पण सोबत मागण्या होत्या: उत्पन्नावर चढता कर, रेल्वेची सरकारी मालकी.

आपल्याकडेही हे नवं नाही. १८७३ मध्ये जोतीरावांनी सत्यशोधक समाज उभा केला, त्या चळवळीत ‘शेटजी-भटजी’ हा शब्द असाच वापरला गेला. दोन शब्दांत सगळी उतरंड गावातल्या माणसाला दिसली. १९८३ मध्ये एन. टी. रामारावांनी ‘तेलुगू आत्मगौरव’ म्हणत, दोन रुपये किलो तांदळाचं आश्वासन देत, पक्ष काढून वर्षही झालं नसताना आंध्रची सत्ता घेतली. दिल्लीच्या नेत्याने विमानतळावर आंध्रच्या मुख्यमंत्र्यांचा केलेला पाणउतारा लोकांच्या मनात सलत होता, त्यांनी त्या सलीला नाव दिलं. त्यामुळे ही भाषा वापरली म्हणजे पाप केलं, असं मी वर्गात कधी सांगत नाही.

---

सातपूर_लेबर_कॉलनी | ३ जानेवारी, रात्री ९:२०

मी कधी लिहीत नाही, नुसती वाचते. आज लिहिते.

इथे ‘फुकट वाटप’ शब्द आला की माझ्या पोटात तुटतं. मी अंबडच्या एका कंपनीत पॅकिंगला होते, कंत्राटी. मशीन आली आणि आम्हा आठ जणींना थांबवलं. ऑगस्ट २०२४ मध्ये राखी पौर्णिमेच्या तोंडावर लाडक्या बहिणीचे तीन हजार खात्यात आले, दोन महिन्यांचे. माझ्या एकटीच्या नावावरचं खातं. त्याआधी दोन वर्षं मी स्वतःसाठी चप्पल घेतली नव्हती. सासूबाईंच्या गोळ्या, पोरीची वह्या-पुस्तकं, आणि मग चप्पल. याला कुणी रेवडी म्हटलं की वाटतं, तुम्ही कधी नवऱ्याकडे बस भाड्याला पैसे मागितलेत का?

पण काका, तुम्ही नात्याबद्दल लिहिलंत ते खरंय. विधानसभेच्या आधी एक बाजू म्हणाली पंधराशेचे एकवीसशे करू, दुसरी म्हणाली तीन हजार देऊ. निकाल लागला, वर्ष गेलं, पंधराशेच आहेत. मग ई-केवायसी आलं. मी सेतूच्या रांगेत दोन दिवस उभी होते. पुढची बाई तिथल्या मुलाला म्हणाली, एकवीसशे कधी होणार? तो म्हणाला, “मावशी, भावाने दिलंय ते घ्या, ओवाळणी वाढवून मागतात का कुठे?” सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येऊन रडू आलं. मी बहीण म्हणून नव्हते ना उभी. मी मतदार म्हणून मत दिलं होतं, आकडा ऐकून.

---

शालिमार_डीटीपी | ३ जानेवारी, रात्री १०:०५

ताई, तुमच्या या एका प्रतिसादासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं. माझी चूक कबूल करतो. कालपर्यंत मीही ‘पैसे वाटून मतं घेतली’ असंच म्हणत होतो. पैशात खोट नाही. तीच रक्कम निराधार योजनेसारखी, शिधापत्रिकेसारखी कायद्याच्या भाषेत आली असती, तर तुम्हाला खिडकीवर विचारता आलं असतं आणि त्या मुलाला नियम सांगावा लागला असता. ओवाळणी म्हटल्यावर तुमचं तोंड बंद झालं. मी स्वतः त्या वेळी राखीचं चित्र टाकून चार फ्लेक्स केले होते. शब्द निवडताना त्याचा हा अर्थ होईल हे लक्षात आलं नाही.

---

नवीन_नाशिक_२६ | ४ जानेवारी, रात्री १२:४०

मी त्या कामात आहे ज्याबद्दल तुम्ही सगळे बोलताय. कुठल्या पक्षाकडे ते लिहीत नाही. वय २६, पगार महिन्यावर, निवडणूक संपली की काम संपलं. मला माझ्या कामाची लाज वाटत नाही, पण ते कसं चालतं हे लोकांना कळायला हवं असं मनापासून वाटतं.

पहिली गोष्ट, आम्ही मुद्दा ठरवत नाही, आधी दुखणं शोधतो. प्रत्येक प्रभागात सोसायट्यांचे, मंडळांचे, भिशीचे, क्रिकेटच्या टीमचे ग्रुप असतात. त्यांत आमची माणसं दोन-तीन महिने नुसती वाचत असतात. लोक कशावर चिडतात, कुणाला शिव्या देतात, कुठला शब्द वापरतात. तो शब्द आम्ही उचलतो. म्हणून रील बघताना तुम्हाला वाटतं, “अरे, हे तर माझ्याच मनातलं.” ते तुमच्याच ग्रुपमधलं असतं.

दुसरी गोष्ट, एकच मजकूर कुठे जात नाही. गंगापूर रोडच्या बंगल्यांत ‘कर भरणाऱ्यांचा अपमान’ जातो, सिडकोत ‘बड्या लोकांची चलती’ जातं. उमेदवार तोच. चेहरा तोच. ‘ते’ मात्र बदलतात.

तिसरी गोष्ट मला स्वतःला त्रास देते. कामाची माहिती देणारी पोस्ट आम्ही टाकतो, अगदी नीट, फोटोसह. ती कुणी पुढे पाठवत नाही. राग आणणारी पोस्ट आम्ही नुसती सोडतो आणि ती रात्रीतून सगळीकडे फिरते. उमेदवाराला रोज संध्याकाळी आम्ही किती लोकांनी बघितलं ते दाखवतो. तो आकडा बघून उद्याचा मजकूर ठरतो. काका, तुमच्याकडे आलेला मुलगा वाईट नव्हता. त्याने बहुतेक असाच कागद पाहिलेला असणार.

पक्ष ठरवून करतात की आपल्याला हवं असतं, असं तुम्ही विचारलंत. ठरवून करतात, आणि आपण रोज रात्री त्यांना पुढचं काय करायचं ते सांगतो.

---

मेनरोडचा_दुकानदार | ४ जानेवारी, सकाळी ११:१०

सगळे एका सुरात बोलताय म्हणून वेगळं मत मांडतो, राग मानू नका.

नेत्याने सोपं बोलू नये का? १९७१ मध्ये ‘गरिबी हटाओ’ दोनच शब्द होते. २०१४ मध्ये ‘अच्छे दिन’ दोनच शब्द. २०२२ नंतर महाविकास आघाडीने ‘पन्नास खोके’ घरोघर पोहोचवलं. २०२४ ला एकीकडून ‘एक है तो सेफ है’, त्याच्या आधी लोकसभेला दुसरीकडून ‘संविधान धोक्यात’. सगळ्यांनी भीती वापरली, सगळ्यांनी ‘ते’ वापरले. लाखांच्या सभेत कुणी जलवाहिनीचा व्यास सांगत बसत नाही.

आणि आकड्यांचा एवढा भरवसा धरू नका. १ फेब्रुवारी २०२१ ला केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिक मेट्रोसाठी २,०९२ कोटी जाहीर झाले. रुपयापर्यंत आकडा होता की. त्या दिवशी मेनरोडला आम्ही पेढे वाटले. कुठे आहे मेट्रो? द्वारका चौकात अर्धा-अर्धा तास गाडी अडकते तेव्हा तो आकडा आठवतो. म्हणजे आकडाही घोषणाच असू शकतो. मग नुसत्या भावनेच्या भाषेला दोष का द्यायचा?

---

फळा_आणि_खडू | ४ जानेवारी, दुपारी १२:००

दुकानदारभाऊ, मेट्रोचा मुद्दा बिनतोड आहे. फरक इतकाच, की तो आकडा होता म्हणून आज तुम्ही “कुठे आहे” असं विचारू शकलात. ‘अच्छे दिन’ कुठे आहेत असं विचारलं तर प्रत्येकजण वेगळं उत्तर देईल.

घोषणांची जी यादी दिलीत, ती मात्र एका मापाने मोजू नका. सत्तेवरच्या माणसावर पैसे घेतल्याचा आरोप करणं वेगळं आणि शेजारच्या मोहल्ल्यातल्या माणसाची भीती घालणं वेगळं. पहिल्यात ‘ते’ ताकदवान आहेत, उत्तर द्यायला त्यांच्याकडे माईक आहे. दुसऱ्यात ‘ते’ म्हणजे ज्याच्याकडून आपण कालपर्यंत पंक्चर काढून घेत होतो तो. तपोवनातल्या झाडांच्या वादातही हेच झालं. कुंभमेळ्यात येणाऱ्या साधूंसाठी तिथे साधुग्राम उभारायचं, त्यासाठी तोडाव्या लागणाऱ्या सुमारे १,८०० झाडांचा प्रश्न होता. पर्यायी जागा कोणती, झाडं वाचवून मांडणी करता येते का, हे बोलायचं होतं. बघता बघता चर्चा ‘कुंभाचे’ आणि ‘कुंभाच्या विरोधातले’ अशी वाटली गेली. तिथे झाडं मोजायला गेलेल्यांत रोज रामकुंडावर जाणारी माणसं होती.

---

संपादक मंडळ | ४ जानेवारी, दुपारी १२:२०

चर्चा चांगली चालली आहे. दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. पक्षांवर टीका करा, एकमेकांच्या जातीधर्मावर नको.

---

चांदवडची_लेक | ४ जानेवारी, संध्याकाळी ६:४५

माझं वय ६३. नातवाने मोबाईलवर मराठी टाइप करायला शिकवलं, म्हणून लिहू शकते.

१९८० च्या नोव्हेंबरात आमच्या गावातले झाडून सगळे आग्रा रोडवर बसले होते. शरद जोशींची शेतकरी संघटना. मी तेव्हा नुकती लग्न होऊन आले होते, डोक्यावरचा पदर पडू द्यायचा नाही अशी रीत. ते ‘भारत’ आणि ‘इंडिया’ म्हणायचे. सर म्हणतात तसंच, दोन गट, आपण आणि ते. पण ते आधी हिशोब मांडायचे. बियाणं किती, खत किती, मजुरी किती, बाईच्या श्रमाचे किती धरले, काहीच धरले नाहीत, हेही विचारायचे. उसाला टनाला ३०० रुपये का, हे न शिकलेल्या माणसाला बोटांवर समजावून सांगायचे. सभेवरून परत आलेला माणूस घरी पाटीवर हिशोब मांडायचा. घोषणा होती ‘भीक नको, हवे घामाचे दाम’. ती देताना मान वर व्हायची.

१९८६ ला आमच्या चांदवडला शेतकरी बायकांचं अधिवेशन झालं. नजर पोहोचेल तिथवर बायकाच बायका. मी सासऱ्यांना न विचारता गेले होते, आयुष्यात पहिल्यांदा. पुढे संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत गावोगावच्या लोकांनी बायकोच्या नावावर जमीन करून दिली. माझ्या नावावर वीस गुंठे आहेत. सातपूरच्या ताई, तुमच्या चपलेचं वाचून मला माझा सातबारा आठवला.

मी काही संघटनेची भक्त नाही. नंतर तिच्यात फूट पडली, तेही पाहिलं. पण सभेतून घरी येताना आपल्या हातात काय असतं, ते मी तेव्हापासून बघते. आता नातवाच्या मोबाईलवर सभा ऐकते. ऐकून झाल्यावर छाती धडधडते, पण हातात काही नसतं.

---

पेठ_हरसूल_घाट | ४ जानेवारी, रात्री ८:३०

आजी, तुम्हाला नमस्कार.

मी २०१८ च्या शेतकऱ्यांच्या लाँग मार्चमध्ये चाललो होतो. ६ मार्चला नाशिकच्या सीबीएस चौकातून निघालो, १२ ला मुंबईत आझाद मैदान. सुमारे १८० किलोमीटर. सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरी भागातले आम्ही बहुतेक आदिवासी. वनहक्क कायदा २००६ चा, आणि बारा वर्षांनीही कसत असलेल्या जमिनीचा कागद हातात नव्हता. शेवटच्या रात्री सायनच्या सोमय्या मैदानात पोहोचलो होतो. सकाळी दहावीच्या पोरांची परीक्षा आहे म्हणून रात्रीच उठून चालायचं ठरलं. कुणाच्या पायाची सालटी निघाली होती, कुणी अनवाणी. मुंबईच्या लोकांनी रस्त्यात पाणी, बिस्किटं, चपला दिल्या.

सगळे पक्ष म्हणतात आम्ही जनतेचा आवाज. आम्ही त्या सात दिवसांत आवाज केला नाही, नुसते चाललो, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. आमच्यावतीने कुणी बोलायची गरज पडली नाही. आणि सरकारकडून लेखी घेतलं होतं म्हणून २०१९ ला पुन्हा निघालो आणि मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून पुन्हा निघालो, “हे कलम झालं, हे झालं नाही” असं दाखवत. कागद नसता तर तिसऱ्यांदा कशाच्या जोरावर निघालो असतो?

---

निफाडचा_उन्हाळ | ४ जानेवारी, रात्री ९:१०

एक राहून गेलं. २०२४ ला दिंडोरीतच एका अपक्षाला लाखावर मतं पडली. आडनाव विजयी उमेदवाराचंच, आणि चिन्ह ‘तुतारी’. राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचं चिन्ह होतं ‘तुतारी वाजवणारा माणूस’. आमच्या वस्तीवरच्या कितीतरी म्हाताऱ्यांनी तुतारी बघितली आणि बटण दाबलं. सगळा प्रचार एका चित्रावर आणि एका शब्दावर उभा केला की असं होतं. माणूस कोण हे कुणी सांगितलंच नव्हतं.

---

शालिमार_डीटीपी | ५ जानेवारी, रात्री ११:३०

आज त्या मुलाला परत बोलावलं. नवीन_नाशिक_२६ चा प्रतिसाद त्याला वाचायला दिला, चांदवडच्या आजींचाही. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “काका, पण टाकीचं लिहिलं आणि समोरच्याने ‘ते’ लिहिले तर आम्ही पडू.” याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि खोटं उत्तर मी दिलंही नाही.

मी त्याला दोन मजकूर करून दिले. एकात नुसती टाकी. दुसऱ्यात राग ठेवला, पण त्याला पत्ता दिला. असा: ‘चार वर्षं महापालिकेत तुमचा प्रतिनिधी नव्हता. या काळात जलकुंभाचं काम थांबलं. ते कुणाच्या सहीने थांबलं याची माहिती आम्ही मागवली आहे, ती मिळताच या चौकात लावू.’ त्याने विचारलं, माहिती मागवली आहे का? मी म्हटलं, आधी माहिती अधिकाराचा अर्ज टाक, पोच घेऊन ये, मगच हे छापेन. उद्या सकाळी महापालिकेच्या मुख्यालयात, राजीव गांधी भवनात, जातो म्हणालाय.

‘अन्याय’वाला तिसरा मजकूर मी केला नाही. तो दुसरीकडून करून घेईल कदाचित. शहरात दुकानं भरपूर आहेत.

---

सातपूर_लेबर_कॉलनी | ६ जानेवारी, दुपारी ३:५०

काल संध्याकाळी आमच्या कॉलनीत चौकसभा होती. पॅनलचे चारही जण स्टेजवर. “माझ्या बहिणींनो” सुरू झालं. मी उठले. हातपाय कापत होते. म्हटलं, “दादा, मी या प्रभागातली मतदार आहे. चौघांपैकी आमच्या गल्लीच्या ड्रेनेजसाठी कुणाला फोन करायचा ते एक नाव आत्ता सांगा.”

चौघांनी एकमेकांकडे बघितलं. मग कडेच्या बाईंनी माईक घेतला आणि स्वतःचा नंबर सांगितला. मागच्या बायकांनी तो मोबाईलमध्ये घेतला. आज सकाळी सहा जणींनी लावून बघितला. लागतोय.

---

चांदवडची_लेक | ६ जानेवारी, दुपारी ४:१५

तो नंबर जपून ठेव गं बाई. १५ नंतरही लाव.